बोटीवरचा सुतार

मेस्त्रींनी आम्हाला जे जेवणाचं टेबल करून दिलं, त्याच्या चारी कडांना बोटभर उंचीची पट्टी होती. फडक्यानं टेबल पुसायला जावं तर पोळीचा चुरा, भाताची शितं, सगळं त्या पट्टीपाशी जाऊन अडायचं आणि मला ते चिमटीनं वेचावं लागायचं. मी तक्रार केली.

"बाई, पट्टी नसली तर ताटां खाली जातली," मेस्त्री म्हणाले.

मी म्हटलं, मेस्त्री, ही अंधेरी आहे, इथं टेबल हलत नाही. त्यावर त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरून जोरात हलवून पाहिलं, खाली वाकून चारी पाय तपासले आणि "आज हालना नाय" एवढंच कबूल करून ते निघाले. चहा घ्या म्हटलं तर उंबऱ्यावरच उभ्यानं घेतला, पाय फाकवून, एक खांदा चौकटीला टेकून. खुर्ची पुढे केली की ते खुर्चीला हात लावायचे, ती पक्की आहे की नाही ते बघायचे आणि बसायचे मात्र नाहीत.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. आम्ही तेव्हा अंधेरीला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका तीन मजली इमारतीत राहत होतो. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी शिकवायची. माझे यजमान मरोळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, आणि कोणालाही नाही म्हणता येत नाही या एकाच गुणावर सोसायटीचं सेक्रेटरीपण त्यांच्या गळ्यात पडलं होतं. मेस्त्री आमच्या शेजारचे. विजयदुर्गाकडचे. मालवाहू जहाजांवर तीस वर्षं सुतार म्हणून फिरून आलेले. लोखंडाच्या जहाजावर सुताराचं काय काम, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं आणि त्याचं उत्तर मला पुढे चार-पाच वर्षं हप्त्याहप्त्यानं मिळत गेलं.

जहाजाच्या पोटावरची झाकणं तेव्हा लाकडी फळ्यांची असत. त्यांच्यावर ताडपत्री ओढायची आणि कडेनं लाकडी पाचरी ठोकून ती घट्ट बसवायची, हे सुताराचं काम. नांगर टाकताना आणि उचलताना यंत्रापाशी उभं राहायचं तेही सुतारानंच. पण त्याचं खरं काम रोज सकाळचं. जहाजाच्या तळाशी जागोजागी खोलगट जागा असतात, तिथपर्यंत नळ गेलेले असतात. त्या प्रत्येक नळात दोरीला बांधलेली पितळी काठी सोडायची, वर काढायची, ती किती ओली झाली ते बघायचं आणि मालीमला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याला, जाऊन सांगायचं. याला ते 'साउंडिंग' म्हणत. काठीवर आधी खडू फासायचा, म्हणजे पाणी कुठवर आलं ते उमटतं. खडू पांढरा राहिला तर तळ कोरडा. मालीम "बरं" म्हणाला की सुताराचा दिवस सुरू व्हायचा.

आता घरी बसलेल्या माणसानं हे सगळं विसरायला हरकत नव्हती. पण मेस्त्री घरी बसलेच नव्हते. कागदोपत्री ते रजेवर होते. पुढच्या जहाजाचं बोलावणं कधीही येईल म्हणून त्यांची कॅनव्हासची बॅग दाराच्या मागे भरून ठेवलेली असायची. दर सोमवारी इस्त्रीचे कपडे घालून ते गोदीजवळच्या कंपनीच्या ऑफिसात चौकशीला जायचे. उरलेले सहा दिवस काढायचे कसे, हा त्यांच्यापुढचा आणि त्यांच्याहीपेक्षा त्यांच्या बायकोपुढचा प्रश्न होता.

रोज सकाळी साडेसहाला ते गच्चीवर जाऊन वरच्या टाकीत पितळी काठी सोडायचे. मग खाली येऊन जमिनीखालच्या टाकीत. मग जिन्यातल्या फळ्यावर खडूनं लिहायचे: वरची तीन फूट दोन, खालची पाच फूट. आणि शेवटी आमच्या दाराशी. यजमानांची दाढी चाललेली असायची. मेस्त्री दारात ताठ उभे राहून आकडे सांगायचे आणि यजमान फेसातून "बरं" म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. एकदा यजमानांच्या गालाला ब्लेड लागलं आणि ते बोललेच नाहीत. मेस्त्री सात-आठ मिनिटं तसेच उभे. शेवटी मी स्वयंपाकघरातून "बरं हो, बरं!" असं ओरडले, तेव्हा ते गेले. त्या दिवसापासून यजमान नसले की "बरं" म्हणायचा अधिकार माझ्याकडे आला.

मेस्त्रींच्या घरात काठी तेलाच्या डब्यात, तांदळाच्या पिंपात, रॉकेलच्या कॅनमध्येही जायची. त्यांची बायको, आमच्या वहिनी, एकदा माझ्याकडे विळी मागायला आल्या आणि बसल्याच.

"बोटीर होते तेव्हा वर्षाक एक म्हयनो तरास होतो," त्या म्हणाल्या. "आता डाळ किती उरली ती माका इचारूच्या आदी तेंका ठाव असता."

त्या हसत होत्या, पण विळी न घेताच परत गेल्या.

इमारतीत मेस्त्रींची टिंगल व्हायची, आणि खरं सांगायचं तर त्यात मीही असायची. मी त्यांची नक्कल फार छान करायची. ती बंद झाली एका सकाळीमुळे. त्या दिवशी मेस्त्री आमच्या दारात आले ते आकडा न सांगताच उभे राहिले. मग म्हणाले की खालच्या टाकीत काल संध्याकाळी परत मोजलं होतं त्यापेक्षा दोन इंच पाणी जास्त आहे. यजमान म्हणाले, मग चांगलंच झालं की. मेस्त्री म्हणाले, नळाला पाणी आठला येतं, आता साडेसहा वाजलेत. मग हे दोन इंच आलं कुठून?

आणि ते सरळ पंपाच्या बटणापाशी जाऊन उभे राहिले. कोणाला पंप चालू करू देईनात. ऑफिसची वेळ, अंघोळी खोळंबलेल्या, तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ टॉवेल गुंडाळून खाली आले आणि नाही नाही ते बोलले. मेस्त्रींनी बटण सोडलं नाही. दहाच्या सुमाराला प्लंबर आला. टाकीच्या एका भिंतीला तडा गेला होता आणि पलीकडूनच गटाराची लाइन जात होती. पुढचं वर्णन करत नाही.

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांना विचारलं, तुम्हाला कसं सुचलं हो?

"पाणी कमी झाला काय सगळे बोंब मारतत," ते म्हणाले. "पाणी वाढला काय मी एकटोच घाबरतंय."

तेव्हापासून जिन्यातून जाताना लोक फळ्याकडे बघायला लागले. टॉवेलवाले गृहस्थ सर्वांत आधी. पण मेस्त्रींना त्याचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. त्यांची घालमेल तशीच होती. दुपारी ते आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये फेऱ्या घालायचे. बारा पावलं जायची, टाचेवर वळायचं, बारा पावलं यायची. मी वह्या तपासताना ती पावलं मोजायला लागायची आणि एखाद्या पोराचा निबंध मार्कांविना राहायचा. कधी हातात पाचरींची पिशवी घेऊन घरोघर फिरायचे आणि जी खिडकी जरा खडखडेल तिला पाचर ठोकून द्यायचे. खिडकी मग उघडायची नाही. उघडायची असेल तर मेस्त्रींना बोलवायचं.

एका सोमवारी ते ऑफिसातून आले आणि पॅसेजमध्ये फेऱ्या झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनींकडून कळलं. ऑफिसातल्या कारकुनानं त्यांच्यापुढे रजिस्टर उलटं करून धरलं होतं आणि बोटानं दाखवलं होतं. नवीन जहाजांची झाकणं लोखंडी, बटण दाबलं की आपोआप उघडणारी. टाक्यांतलं पाणी घड्याळासारख्या काट्यांवर दिसतं. माणसांच्या यादीत सुतार हा रकानाच आता नव्हता. कारकून वाईट नव्हता, त्यानं चहाही पाजला. मेस्त्री, तुमची जागा दुसऱ्या कोणाला दिली असं नाही, जागाच गेली, असं त्यानं समजावून सांगितलं म्हणे. त्यांना तो दिलासा वाटावा अशी त्याची अपेक्षा होती.

बॅग दारामागे तशीच राहिली. फळ्यावर आकडे येत राहिले. पण मेस्त्री "बरं" ऐकून झाल्यावरही थोडे घुटमळायचे, आणखी काहीतरी सांगायचं असल्यासारखे.

आणि याच दिवसांत माझ्याकडून ती चूक झाली.

आमच्याकडे मासे घेऊन येणारी हिराबाई वर्सोव्याची कोळीण. नवरा गेलेला, दोन मोठे मुलगे आणि एक होडी, एवढा तिचा संसार. त्या वर्षी पावसाळ्यासाठी होडी किनाऱ्यावर ओढली तेव्हा बुडाजवळची एक फळी कुजलेली निघाली. तिची होडी दरवर्षी बघणारा खाडीपलीकडच्या मढचा म्हातारा सुतार हात मोडून घरी बसला होता. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली नाही तर मोसमाची सुरुवातच हातची जाणार, असं ती सुकटीचे वाटे लावत सांगत होती. सुकटच आणायची ती पावसाळ्यात. मी दारात बसून चाचणी परीक्षेचे पेपर तपासत होते. तेवढ्यात मेस्त्री पाचरींची पिशवी घेऊन जिना चढून गेले.

"यो कोन गो बाई?" हिराबाईनं विचारलं.

मी पेपरातून मान वर न काढता म्हटलं, "ते? ते बोटीचे सुतार. तीस वर्षं झाली."

म्हणायचं होतं 'बोटीवरचे'. जहाजाला कोकणातली माणसं बोटच म्हणतात. त्याच क्षणी माझी लाल पेन्सिल कोणाच्या तरी सुटलेल्या अनुस्वारावर गोल काढत होती, आणि माझी स्वतःची दोन अक्षरं सुटलेली मला कळली नाहीत. कळलं ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा वहिनी म्हणाल्या की मेस्त्री हिराबाईची होडी दुरुस्त करायला वर्सोव्याला गेले.

संध्याकाळी मी त्यांना पॅसेजमध्ये गाठलं. ते नेहमीपेक्षा वेगानं चालत होते. आधी त्यांनी होडी किती लांब, किती रुंद हे सांगितलं. मग एकदम थांबले.

"बाई, मी जल्मात होडयेक हात लावूक नाय. मी बोटीवरचो सुतार. बोटीचो न्हय."

मी म्हटलं, मग तसं सांगायचं ना तिला. चूक माझी आहे, मी जाऊन सांगते.

"नको," ते म्हणाले. "सुतार म्हणान कोणीतरी हाक मारल्यान. नाय म्हणूक जमला नाय."

मी गप्प बसले. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवसापासून मात्र माझीही झोप गेली. तिकडे हिराबाई प्रत्येक घरी सुकट देताना सांगत होती की तुमचा सुतार देवमाणूस आहे. दोन मुलगे त्या होडीतून समुद्रात जाणार होते, आणि होडी दुरुस्त करणाऱ्याला होडीतलं काही येत नाही हे सबंध अंधेरीत फक्त मला आणि त्यालाच माहीत होतं.

तसं अगदी काहीच येत नव्हतं असंही नाही. जहाजाच्या लाकडी डेकच्या फटींत कापूस ठासून वर राळ ओतायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. त्याच्या छिन्न्या बॅगेत तळाशी होत्या. त्या काढण्यासाठी बॅग उघडली गेली, आणि पुन्हा भरली गेली नाही. कपाटाशेजारून एक सागवानी फळी निघाली. त्यांचं एक जुनं जहाज मोडीत निघालं तेव्हा डेकवरची ही फळी त्यांनी मागून आणली होती. दहा वर्षं ती वहिनींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून उभी होती आणि वहिनी तिच्यावर झारे टांगायच्या. मेस्त्रींनी झारे काढून ठेवले आणि फळी खांद्यावर टाकून वर्सोव्यापर्यंत चालत गेले. बसमध्ये घेतली नसतीच कोणी.

फळी त्यांनी अशी बसवली की तिच्या आणि दोन्हीकडच्या जुन्या फळ्यांच्या मध्ये कागद शिरेना. हिराबाईचा थोरला, पांडू, त्यानं चाकूचं टोक घालून पाहिलं, तेही जाईना. त्यावर छिन्नीनं कड उकलून आणखी कापूस ठासला, राळ भरली. होडी बघायला आळीतली माणसं येऊन गेली. असं सफाईचं काम मढचा म्हातारासुद्धा करत नाही, असं कोणी म्हणालं. मेस्त्रींनी ते मला येऊन सांगितलं, तेही उंबऱ्यावर उभ्यानंच, पण त्या दिवशी त्यांनी दुसरा कप चहा मागून घेतला.

पौर्णिमेच्या आधीचा रविवार होता. भरतीच्या वेळी होडी खाडीत उतरवून बघायची ठरली. मी गेले. जाणं भागच होतं. धक्क्याला होडी बांधलेली, हिराबाई हिरवं लुगडं नेसून आलेली, दोघे मुलगे होडी कधी एकदा खाडीच्या तोंडापर्यंत नेतो म्हणून उतावीळ. मेस्त्री होडीत उभे होते. पायाखालच्या दोन फळ्या त्यांनी काढून ठेवल्या होत्या आणि त्या फटीतून पितळी काठी खाली सोडत होते. काठीवर खडू फासलेला.

पहिला अर्धा तास काठी पांढरीच्या पांढरी वर आली. लोक हसून बोलत होते. मग टोकाशी अर्धं बोट ओलं दिसलं. पांडू म्हणाला, त्यात काय, उन्हापावसात पडलेली होडी सुरुवातीला थोडी गळतेच. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप बंद होतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. हे त्यांचं पिढ्यान्पिढ्यांचं ज्ञान, आणि ते खरंच होतं.

मेस्त्रींनी काठी पुसली, पुन्हा खडू फासला, पुन्हा सोडली. एक बोट. परत पुसली. थांबले. मी धक्क्यावरून त्यांचे ओठ हलताना बघत होते, ते आकडे म्हणत होते. परत सोडली. दोन बोटं.

एवढ्या पाण्याची तिथं कोणालाच पर्वा नव्हती. एका डब्यानं उपसून टाकता आलं असतं. मेस्त्री गप्प राहिले असते तर होडी पौर्णिमेला नारळासकट निघाली असती, आणि पुढे काही झालंच असतं तर दर्याला दोष देऊन सगळे मोकळे झाले असते. पण थांबणारं पाणी दर वेळी कमी कमी वाढतं आणि हे जास्त जास्त वाढत होतं. तो फरक काठी धरणाऱ्याला दिसत होता आणि त्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या मला.

मेस्त्री धक्क्यावर चढून आले. काठीची दोरी त्यांनी नीट गुंडाळली, त्याला उगाचच वेळ लावला. मग हिराबाईच्या पुढे जाऊन जसे आमच्या दारात उभे राहायचे तसे उभे राहिले.

"पाणी वाढता, हिराबाय. होडी काढू नको. माझा काम चुकला."

हिराबाईला काही कळेना. तेव्हा त्यांनी तेही सांगून टाकलं. बोटीवरचा सुतार वेगळा, बोटीचा वेगळा, आणि मी बोटीचा नव्हे. तू मला तसा समजलीस तेव्हा मी बोललो नाही. मी पुढे होऊन म्हटलं की चूक मुळात माझी, शब्द माझा चुकला. पांडू संतापून मेस्त्रींच्या अंगावर धावून जायच्या बेतात होता. हिराबाईनं त्याला एका हातानं मागे सारलं आणि आधी मला फैलावर घेतलं.

"शालेन पोरांना असाच शिकवतस काय गो?"

मग ती मेस्त्रींकडे वळली. मला वाटलं, आता ही हात उचलते.

"तू सांगलास ता बरा झाला," ती म्हणाली. "दर्यान सांगला असता त माजी पोरा गेली असती."

आणि ती पदर खोचून मढला जाणाऱ्या होडीत जाऊन बसली, म्हाताऱ्या सुताराला आणायला.

तो आला गळ्यात हात बांधूनच. त्यानं होडी पुन्हा वर ओढायला लावली, बुडाखाली आडवा झाला आणि एका मिनिटात हसायला लागला. फळी फुगून दोन्हीकडच्या जुन्या फळ्यांना रेटत होती, खिळे सुटायला लागले होते. दहा वर्षं चुलीशेजारी वाळलेलं सागवान, त्यात कागद शिरणार नाही असं बसवलेलं. जहाजाचं डेक रोज सकाळी धुतलं जातं, तिथलं लाकूड कायम ओलसर असतं, म्हणून तिथं जितकं घट्ट तितकं उत्तम. इथं तीच सफाई उलटली होती.

"फलीला पानी प्याला जागा ठेव रं," म्हातारा म्हणाला.

त्याचा उजवा हात मोडलेला. म्हणजे काम मेस्त्रींनाच करायचं होतं, म्हाताऱ्यानं सांगायचं, आणि तेही बघायला जमलेल्या अख्ख्या आळीसमोर. आधी ठासलेला कापूस उपसायचा, मग फळी काढायची, दोन्ही कडांना सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, रंधा मारायचा, परत बसवायची. मेस्त्री साठीला आलेले. सुताराचा रकाना गेला तेव्हा गप्प राहिलेला हा माणूस इथं मात्र म्हाताऱ्याला प्रश्नावर प्रश्न विचारत होता. सूतभरच का, दोन सूत का नाही, फळी ओली असती तर किती. म्हातारा वैतागून म्हणाला, मेस्त्री, तू आधी रंधा मार. पौर्णिमेचा नारळ हिराबाईनं काठावरूनच वाहिला. होडी आठ दिवसांनी गेली. तेवढ्यात इतरांनी भरभरून पापलेटं आणली होती आणि पांडू पुढची दोन वर्षं ते मेस्त्रींना ऐकवत राहिला.

पण मेस्त्री ऐकायला तिथं असायचे. हा एक बदल झाला. सकाळी टाक्या मोजून, "बरं" घेऊन ते तरीनं मढला जायला लागले, म्हाताऱ्याच्या हाताखाली. त्याचा हात बरा झाल्यावरही गेले. सोमवारी इस्त्रीचे कपडे घालणं बंद झालं. वहिनींनी मोकळ्या झालेल्या बॅगेत गोधड्या भरल्या. एके दिवशी मेस्त्री माझ्याकडे एक लाकडी काठी घेऊन आले, फूट आणि इंच कोरलेली, टोकाला शिसं लावून जड केलेली.

"बाई, टाकी आता तुमी बघा. माका उशीर होता."

मी म्हटलं, मेस्त्री, मला शाळा आहे, घर आहे, मी काय गच्चीवर चढू रोज? ते काठी कोपऱ्यात ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी गच्चीवर होते. इमारतीत माझी नक्कल करणारे निघाले असतील, असणारच.

पुढे तीन-चार वर्षांनी आम्ही बोरिवलीला जागा घेतली. सामान गेलं, पट्टीचं टेबल टेम्पोत उभं करून गेलं. शेवटच्या दिवशी मी मेस्त्रींचा निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले तर ते नव्हते. वहिनी म्हणाल्या, आज त्यांनी एकट्यानं केलेली पहिली होडी पाण्यात उतरते आहे, अख्खी होडी, तळापासून. दुपारपर्यंत येतील, थांबा. मला थांबता येत नव्हतं. आणि न भेटता जाताही येईना. म्हणून रिक्षा करून वर्सोव्याला गेले.

भरती होती. धक्क्यावर हिराबाई टोपली घेऊन बसली होती, तिनं बोट करून दाखवलं. खाडीच्या मध्यावर एक नवी, अजून रंग न दिलेली होडी नांगरून ठेवलेली होती आणि तिच्यात मेस्त्री एकटेच उभे होते, पाय फाकवून, वाकून खाली बघत. मी हाक मारली. ती पोचली नसावी. हिराबाई म्हणाली, सकाळपासून असेच आहेत, दर पाव तासानं काठी, जेवायलासुद्धा आले नाहीत. मी घड्याळ बघितलं. टेम्पो पोचला असेल, किल्ली माझ्याजवळ होती. मी आणखी एकदा हाक मारली.

या वेळी त्यांनी वर पाहिलं. मला ओळखलं की नाही ते इतक्या लांबून कळलं नाही. त्यांनी काठी वर ओढली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर आडवी धरली, माझ्याकडे करून. उन्हात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी दिसत होती. आणि ते तसेच उभे राहिले. पाण्याबरोबर होडी खाली-वर होत होती, पण हात काही खाली येईनात.

ते कशाची वाट बघताहेत हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. मग मी हात वर केला आणि भर धक्क्यावर, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "बरं!"

मेस्त्रींनी काठी खाली घेतली, शेजारी ठेवली आणि होडीच्या आडव्या फळीवर बसले. हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ सैल सोडून, नीट बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.